टप्पा : मुंबई ते पाचगणी, टांग्याच्या जुन्या वाटेने

दिवस पहिला : मुंबई

गेल्या दिवाळीत वाईच्या घराचा माळा झाडताना पितळेचा एक बिल्ला सापडला. तळहातावर मावेल एवढा, वर दोरी ओवायला भोक, मधोमध २७ हा आकडा. बाकीची अक्षरं झिजून सपाट झालेली. आत्यानं तो पदरानं पुसला, उजेडात धरला आणि म्हणाली, "आण्णांचा हाय. टांग्याचा."

आण्णा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. १९६२ पर्यंत ते वाईत टांगा हाकत. मी जन्मलो तोवर घोडा विकून पाच वर्षं झाली होती, त्यामुळे माझ्या वाट्याला आले ते खाटेवर बसून विडी ओढणारे आण्णा. आत्याला मात्र घोडा, टांगा, तबेला सगळं लख्ख आठवतं. ती आता ८४ वर्षांची आहे, डोंबिवलीला आमच्याकडे असते, आणि गुडघे सोडले तर तिचं काहीही दुखत नाही.

म्हणून ठरवलं की मुंबईहून पाचगणीपर्यंत जायचं, पण द्रुतगती मार्गानं नाही. एकेकाळी घोडागाड्या जात त्या वाटेनं, थांबत थांबत. आत्याची अट एकच : "येक तरी घोडं दावायचं मला."

सुरुवात कुलाब्यापासून केली. कॉजवेवर आज इलेक्ट्रिक हाउस आहे त्या जागी ट्राम कंपनीची कचेरी होती. विजेची नव्हे, घोड्यांची ट्राम. ९ मे १८७४ ला परळ ते कुलाबा अशी ती सुरू झाली. एखादी एका घोड्याची, एखादी दोन घोड्यांची. कुलाबा ते पायधुनी तीन आणे भाडं, आणि पहिले काही महिने तिकीट म्हणून कागदच नव्हता. पैसे द्यायचे, बसायचं. एवढा मोठा डबा दोन घोडी कशी ओढत असतील, असं मी म्हणालो तर आत्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "रुळावर व्हय? रुळावर पोरगं बी ओढंल." खरंच आहे ते. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक जवळजवळ घासतच नाही. मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर तेवढ्याच ओझ्याला कितीतरी जास्त जोर लागला असता. जड असतं ते जागेवरून हलवणं, आणि ट्राम तर दर थोड्या अंतरावर थांबायची. घोडी झिजायची ती त्यात. १९०५ मध्ये ही ट्राम बंद झाली आणि १९०७ मध्ये विजेची आली.

गेटवेला गेलो. व्हिक्टोरिया बग्ग्या उभ्या होत्या, पण विजेच्या. चंदेरी नक्षी तीच, मागे दुमडणारं टप तेच, समोर घोडा नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शहरातल्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला एक वर्षाची मुदत दिली. तबेल्यांना परवाने नव्हते, घोड्यांचे हाल होते. मला त्या निकालाबद्दल हळहळ वाटत नाही. मे महिन्यातल्या डांबरावर नालांनी घसरत चाललेला घोडा मी मरीन ड्राइव्हला पाहिलेला आहे. आत्याला काय वाटेल याची धास्ती होती. तिनं गाडीवाल्याला विचारलं, "घोडी कुटं गेली?" तो म्हणाला, "गावाला पाठवली, आजी." तिनं मान हलवली. "ब्येस केलं. हितं त्येला माती कुटं हाय पायाखाली."

मग ती आत चढली, मागे रेलून बसली, पुढे सरकली, परत रेलली. गाडीवाला बघत राहिला. म्हणाली, "ही उलाळ होत न्हाई."

उलाळ हा शब्द शहरात आता कुणाच्या तोंडी नाही. दोन चाकांच्या गाडीत मागे वजन जास्त झालं की पुढच्या दांड्या वर उचलल्या जातात, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आवळतो, ती उलाळ. पुढे जास्त झालं तर सगळा भार घोड्याच्या पाठीवर. टांगेवाल्याचं अर्धं कसब हाकण्यात, अर्धं माणसं बसवण्यात. जाड शेटजी मागे बसले की आण्णा लहानग्या आत्याला उचलून पुढे, आपल्या पायाशी बसवत. व्हिक्टोरियाला चार चाकं, तिला ही भानगड नाही. म्हणूनच ती साहेबाची आणि शेटजीची गाडी, आणि टांगा सगळ्यांचा.

व्हिक्टोरियाच्याही आधी मुंबईत शिग्राम होते, म्हणजे चाकांवर ठेवलेली पालखीच म्हणा. शब्दाचं नातं 'शीघ्र'शी सांगतात. त्यांचा वेग पाहता नाव ठेवणारा विनोदी असावा.

संध्याकाळी परतताना एक जुनी दगडी पाणपोई दिसली. वर माणसांसाठी तोटी आणि खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, जनावरांसाठी कुंड. कुंडात प्लास्टिकच्या बाटल्या होत्या. आत्या त्याच्या कडेवर पाच मिनिटं टेकली.

दिवस दुसरा : पनवेल, खोपोली, बोरघाट

भाड्याची गाडी केली. चालक पोरगा चुणचुणीत होता, पण जुन्या रस्त्यानं जायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. "काका, एक्स्प्रेसवेनं दोन तासांत पुणं." म्हटलं, आम्हाला दोन दिवस लावायचेत.

पूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस आधी समुद्रात जाई. भरती साधून पडावात बसायचं, पनवेलच्या बंदरात उतरायचं, आणि खुष्कीचा रस्ता तिथून पुढे. त्यामुळे पनवेल हे गाड्यांचं गाव झालं. गॅझेटियरात एक मजेशीर नोंद आहे : दख्खनवरून माल घेऊन उतरलेला जवळजवळ प्रत्येक गाडीवान परत जाताना पनवेलहून चाकांची जोडी घेऊन जाई. लोक महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी आणतात तशी हे लोक पनवेलहून चाकं नेत.

लाकडी चाक कसं होतं ते आत्यानं गाडीत बसून सांगितलं. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेली लाकडाची गोलाई, आणि सगळ्यात बाहेर लोखंडाची धाव. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करायची. मग गोवऱ्यांच्या गोल आरात लाल होईस्तोवर तापवायची, म्हणजे ती फुगते. चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची आणि लगेच पाणी ओतायचं. धूर, चर्र आवाज, जळक्या लाकडाचा वास. आणि धाव आकसताना सगळे सांधे कडाकड आवाज करत घट्ट बसतात. "चाक वरडतं तवा," आत्या म्हणाली. खिळा नाही, सरस नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली की चाक ओढ्यात भिजत ठेवायचं.

खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेल्या तळ्याच्या काठी डबा खाल्ला. समोर घाटाची भिंत उभी.

या भिंतीपाशी आलं की मला एक गोष्ट नेहमी नवलाची वाटते. मराठ्यांइतकं घोड्यावर जगलेलं लष्कर कमी, भीमथडीच्या तट्टांवर पानिपतापर्यंत जाऊन आलेले लोक आपण. तरी घोडागाडी मात्र आपली नव्हे. आपल्याकडे पाठ घोड्याची आणि चाक बैलाचं. सरदार घोड्यावर किंवा पालखीत, आणि घाटातून माल जाई तो वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर, गोणींतून. कारण साधंच आहे : चाक फिरायला रस्ता लागतो, आणि सह्याद्रीत वाटा होत्या, रस्ते नव्हते. घोडा आणि चाक यांची इथे गाठ पडली ती तोफा वर न्यायच्या गरजेपायी. १८०४ मध्ये वेलस्लीनं, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टननं, बोरघाटाची वाट तोफांसाठी सुधारून घेतली. खंडाळ्याच्या नागफणीला इंग्रजांनी 'ड्यूक्स नोज' म्हटलं ते त्याच्याच नाकावरून. पण खरी गाडीवाट झाली ती १८३० मध्ये. त्या वर्षी १० नोव्हेंबरला मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मालकम आपल्या मंडळींसह कितीतरी गाड्यांतून हा घाट उतरला आणि रस्ता खुला झाला. काम पुरतं संपलंही नव्हतं. कोकण आणि दख्खन यांमधली भिंत या रस्त्यानं पाडली, असं त्यानं लिहून ठेवलंय. गव्हर्नरानं आपल्याच कामाची तारीफ केली म्हणून सोडून द्यावी तर ती खोटीही नाही.

त्याच १८३० चा अमृतांजन पूल परवापरवापर्यंत उभा होता. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो पाडला. खालून जाणाऱ्या द्रुतगती मार्गाला त्याचे खांब अडत होते. चालकानं बोट दाखवलं, "इथं होता." आम्ही नसलेला पूल पाहिला.

घाट चढायला लागलो आणि चालकानं एसी बंद केला. "चढाला इंजिन तापतं, काका." आत्या खुदकन हसली. विचारलं तर म्हणाली, "आमी उतरायचो."

घाटात टांग्यातली माणसं उतरत. पैसे मोजलेली सुद्धा. म्हातारी, लेकुरवाळी आणि साहेब एवढे बसून, बाकीचे चाकाशेजारून पायी. घोडा पन्नास-साठ पावलं चढला की टांगेवाला थांबवणार, मागचा माणूस चटकन चाकाखाली धोंडा सरकवणार, घोडा नाकपुड्या फुगवून श्वास घेणार, मग पुन्हा. धोंडा सरकवायचं काम सात वर्षांची आत्या करी. "हात चाकाखाली गेला असता तर?" मी विचारलं. तिनं उजव्या हाताची करंगळी वर केली. वरचं पेर वाकडं आहे. हे मी ५८ वर्षं पाहत आलोय आणि कधी विचारलं नव्हतं.

मधे एक विचित्र काळ होता. खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ मध्ये आली. वर खंडाळ्याहून पुण्याला गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत रुळांविना. म्हणजे पाच वर्षं लोक आगगाडीतून खोपोलीला उतरत, घाट पालखीत, तट्टावर किंवा पायी चढत, आणि वर परत आगगाडीत बसत. इंजिनानं जिथे हात टेकले तिथे तट्टू! २१ एप्रिल १८६३ ला घाटातली रेल्वे खुली झाली, आणि मालकमच्या रस्त्यावरची वर्दळ बघता बघता ओसरली. जेमतेम ३३ वर्षं मिरवला तो.

शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी थांबवली. घाटाची वाट साहेबाला एका धनगरानं दाखवली आणि साहेबानं त्यालाच गोळी घातली, अशी कथा सांगतात. ट्रकवाले चालत्या गाडीतून नाणं टाकतात. आत्यानं खाली उतरून ठेवलं.

मुक्काम खंडाळा. चिक्की घेतली. बाकी काही नाही.

दिवस तिसरा : पुणे

सकाळी एका संग्रहालयात बग्गी पाहायची होती, बरेच दिवस मनात होती. दार बंद. दुरुस्ती चालू आहे म्हणे. फोनवर काल "या की" म्हणालेला आवाज आज फोन उचलेना. आत्याला पायरीवर बसवून मी पहारेकऱ्याशी हुज्जत घातली, तीही वाया गेली. पुण्यात दुपारी एकच्या आत हुज्जत घालून उपयोग नसतो आणि एकनंतर कुणी भेटत नाही.

मग रिक्षा करून गणेशखिंड रस्त्यानं गेलो. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे तेव्हाचं गव्हर्नराचं निवासस्थान. २२ जून १८९७, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची रात्र. रोषणाई, मेजवानी, आणि मेजवानी संपल्यावर एकामागून एक बाहेर पडणाऱ्या घोडागाड्या. प्लेगच्या बंदोबस्तात घरांमध्ये शिरून लोकांची अब्रू घेतल्याचा राग ज्याच्यावर होता तो रँड त्यातल्या एका गाडीत. ही गोष्ट आपण सगळे शाळेपासून ऐकतो, 'गोंद्या आला रे' सकट. पण गाडीच्या अंगानं ती कधी पाहिलीये का? दामोदर चापेकर गाडीमागून पळत गेले, मागून वर चढले, टपाच्या मागचा पडदा उचलला आणि गोळी झाडली. मागच्या गाडीतल्या आयर्स्टवर बाळकृष्णांनी. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

माणूस पळत जाऊन चालती गाडी गाठू शकतो, तिच्यावर चढू शकतो, हे त्या वेगातच शक्य होतं. दुडक्या चालीनं निघालेली बग्गी आणि जीव खाऊन पळणारा २७-२८ वर्षांचा कसरत केलेला माणूस यांत फारसा फरक नाही. आणि गाडीला पाठीला डोळे नाहीत : कोचमन समोर बघणार, घोड्यांच्या डोळ्यांना झापडं, साहेब रेललेला, चाकांचा खडखडाट एवढा की मागे कुणी चढलं हे कळू नये. मोटार असती तर कट वेगळा करावा लागला असता.

आत्या सगळं ऐकून म्हणाली, "कोचमनाचं काय झालं?" मला माहीत नव्हतं. "त्याचं कुनी इचारत न्हाई," ती म्हणाली.

रिक्षावाल्यानं नंतर स्वारगेटला रांगेत उभ्या असलेल्या रिक्षा दाखवल्या. पहिल्या नंबरची गाडी भाडं घेणार, बाकीच्या ढकलत पुढे. आत्यानं मला कोपरानं ढोसलं. टांग्यांच्या अड्ड्यावर हेच चाले, फरक इतकाच की पुढे सरकताना गाडी ढकलायला लागत नसे.

दिवस चौथा : वाठार, वाई

पुण्याहून मिरजेकडे जाणारी सकाळची गाडी पकडली. १८८० च्या दशकात हा रेल्वेमार्ग झाला आणि महाबळेश्वरला जाणाऱ्यांची वाटच बदलली. तोवर पुण्याहून सगळा रस्ता घोड्यांवर. आता वाठारपर्यंत आगगाडी, आणि तिथून पुढे टांगा. वाठार ते महाबळेश्वर ४० मैल. वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर.

४० मैल एकच घोडा ओढत नाही. लांब पल्ल्याच्या टांग्याला घोडी बदलत, साधारण पाच-सहा मैलांवर. तेवढं अंतर म्हणजे टप्पा. टप्प्यावर झाड, आड किंवा ओढा, पडवी आणि ताज्या दमाची घोडी. टांगा दिसला की मोतद्दार घोडी घेऊन रस्त्यावर तयार. टप्पा हा शब्द घोड्याच्या दमातून आला असं मी म्हणणार नाही, चेंडूही टप्पा घेतो. पण आपण रोज तोंडानं 'टप्प्याटप्प्यानं' म्हणतो तेव्हा त्या पडवीतल्या घोड्यांची आठवण कुणाला असते?

वाठार स्टेशनावर उतरलो तेव्हा फलाटावर आम्ही धरून नऊजण. बाहेरच्या मोकळ्या जागेत आत्या थबकली. आण्णा बारा वर्षांचे असताना त्यांच्या चुलत्याबरोबर इथे येत. पहाटेची गाडी यायच्या आत टांगे रांगेत लावायचे, म्हणून आदल्या रात्रीच येऊन टांग्याखाली झोपायचं. मग मोटारी आल्या. साहेब आणि शेटजी मोटारीत गेले, वाठारचं लांबचं भाडं सुटलं, आणि आण्णांच्या वाट्याला वाई गाव उरलं : बाजाराचा दिवस, लग्नं, दवाखाना, एखादं सिद्धनाथवाडीकडचं नाहीतर मेणवलीचं भाडं.

वाईला जायला एसटीला वेळ होता, म्हणून वडापात बसलो. जीप आठ माणसांची, आत तेरा. भरल्याशिवाय सुटायची नाही. वडापवाल्यानं एका जाड गृहस्थाला पुढे घेतलं, दोन पोरांना मागे ढकललं, मला म्हणाला, "काका, जरा आत सरका." आत्या बारीक आवाजात म्हणाली, "ह्यो टांगेवालाच हाय."

संध्याकाळी वाईच्या घरात. तबेला होता तिथे आता शेजाऱ्यांची मोटारसायकल असते. भिंतीतली लोखंडी कडी मात्र आहे, दावं बांधायची. हात फिरवला तर खालच्या बाजूला दोरीनं झिजून खाच पडलेली. जेवण झाल्यावर आत्या बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो.

घोडा घेताना आण्णा आधी दात बघत, मग भोवरे. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात, आणि प्रत्येकाचं शुभाशुभ ठरलेलं. गळ्याखाली देवमण असेल तर डोळे झाकून घ्यावा. शेवटचा घोडा मोती, पंचकल्याणी : चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा. त्याच्या अंगावर एक अशुभ भोवरा होता म्हणून तो स्वस्तात मिळाला. आण्णांनी खोगिराच्या पट्ट्याखाली तो झाकून टाकला. बारा वर्षं मोतीनं घर चालवलं.

पहाटे खरारा. तोबऱ्यात भिजवलेल्या हरभऱ्यांची चंदी. "आमाला भाकर कमी पडली तर पडू दे, चंदी चुकायची न्हाई." दर काही आठवड्यांनी नाल. रस्त्यावर गर्दी असली की आण्णा चाबकाची काठी फिरत्या आऱ्यांत धरत, तिची टर्रर्र ऐकून माणसं बाजूला होत. तीच त्यांची घंटा. रात्री टांग्याला दिवा नसला तर पोलीस धरी. एकदा तेल संपलं तर आत्या टांग्याच्या पुढे हातात कंदील घेऊन चालत आली होती, नदीच्या घाटापासून घरापर्यंत.

"मोतीला कुणाला विकलं?" मी विचारलं.

"लगीनघराला. वरातीसाठी." मग थोड्या वेळानं : "त्येला बँडाचा आवाज सोसायचा न्हाई."

आणि आपल्याला शाळेत कोडं घालायचे : घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? न फिरवल्यामुळे. एसटी गावोगाव पोचली, रस्ते डांबरी झाले, टांग्याला फिरायलाच काही उरलं नाही. आण्णांनी बिल्ला परत करायचा होता. केला नाही, हे ६० वर्षांनी उघडकीला आलं.

दिवस पाचवा : पसरणी घाट, पाचगणी

सकाळी वाईच्या स्थानकावरून एसटी. कंडक्टरनं आत्याचं आधारकार्ड पाहिलं आणि शून्य रुपयांचं तिकीट दिलं. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट. माझं पूर्ण. मी त्याला विचारलं, "टप्पा किती किलोमीटरचा?" "सहा," तो म्हणाला, आणि मशीन काखेत मारून पुढे गेला. एसटीचं भाडं अजूनही टप्प्यानंच ठरतं. घोडी गेली, पडव्या गेल्या, शब्द तेवढा मशीनमधून फाडून हातात येतो.

वाईहून पाचगणी आठेक मैल, पण चढ मोठा. पसरणी गाव मागे पडलं की रस्ता डोंगराला वेटोळे घालतो, खाली धोमचं पाणी दिसायला लागतं. आण्णा हा घाट क्वचितच करत, आणि केला तर दुसऱ्या दिवशी मोतीला सुट्टी. आत्या खिडकीशी बसून वळणं मोजत होती. एका वळणावर म्हणाली, "हितं पानी पाजायचो." तिथे आता मक्याच्या कणसांची गाडी आहे.

पाचगणीला टेबललँडवर गेलो. जांभ्या दगडाचं सपाट मैदान, वारा कानात शिरणारा, आणि घोडी! पाठीवर बसायची, आणि गाडीला जुंपलेलीही. आत्यानं लगेच कुठलीही गाडी घेतली नाही. एकेका घोड्यापाशी गेली, पाय बघितले, एकाच्या मानेखाली हात घातला. पोरं हसत होती. शेवटी एका तांबड्या घोडीपाशी थांबली. "हिचे नाल नवे हाईत. खायला बी घालतोस वाटतं." घोडीवाला विशीतला. तो लाजला. भाड्याची घासाघीस तिनंच केली आणि माझ्यापेक्षा बरी केली.

चाकं आता रबरी टायरची, आत बेअरिंग, त्यामुळे खडखडाट नाही. चढताना मी मागे बसलो. तिनं मागे वळून न पाहता सांगितलं, "पुढं ये. उलाळ हुतीया." मी पुढे आलो. घोडी दुडकत निघाली. आत्यानं पिशवीतून बिल्ला काढून मुठीत धरला होता. ती काही बोलत नव्हती, म्हणून मीही गप्प राहिलो.

परतताना एका खळग्यातून वर यायचं होतं. चढ म्हणावा असाही नाही तो, तीस-चाळीस पावलांचा. घोडीनं मान खाली घातली, पोरानं जीभ टाळ्याला लावून टॉक् टॉक् केलं.

"थांब रं," आत्या म्हणाली.

"काय झालं, आजी?"

ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन, एक एक पाय सावकाश टेकत, खाली उतरली. गुडघा दाबला. मग एका हातानं गाडीची दांडी धरून घोडीच्या बरोबरीनं चालायला लागली.

"आजी, बसा की वर! पैसे तेवढेच पडतील हां, उतरून कमी न्हाई व्हायचे."

"तुला कोन कमी करायला सांगतंय? चल."

मीही उतरलो.